उंटिणीची बराबरी

जवळ ये म्हटलं असतं, पण तू पडलीस लांब, दुसऱ्या तालुक्यात मास्तरीण. मंग हा कागदच डोळ्याजवळ धर अन् ऐक. तुझी आई सांगून गेली, शाळेतल्या बाथरूमला दार न्हाई म्हणून तू दिवसभर पाण्याचा घोट घेत न्हाईस. एवढी शिकलीस, अन् अक्कल माझ्या तरण्या वयातली? रागावत न्हाई गं. तुझी आजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, ह्याच्याच पायी हातची जाता जाता वाचली. तुला कुणी सांगितलं न्हाई म्हणून लिहून राह्यले.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी मंठ्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचो. चहूकडं उघडं रान, आडोशाला एक बाभूळ न्हाई. बाई उठली की गड्यांच्या नजरा उठायच्या. म्हणून आम्ही बाया पाणी बेतानंच प्यायचो. तुझी आजी नवी नवरी, सगळ्यात लाजाळू.

त्या उन्हाळ्यात काठेवाडी लोक उंटं घेऊन रस्त्याकडंला उतरले होते. त्यांची एक म्हातारी आमच्यात येऊन बसायची. ती म्हणाली, आमची सांडणी, म्हंजे उंटीण, आठ-आठ दिवस पाण्याला तोंड लावत न्हाई. मुतते तेही थोडं, काकवीसारखं घट्ट, अन् लेंड्या इतक्या सुक्या की लगेच चुलीत घाला. मला लई नवल वाटलं. मी धाकटीला म्हटलं, "जनावराला जमतं, मंग आपल्याला का न्हाई? आपणही सांडणीच."

मी हसण्यावारी बोलले, तिनं मनावर घेतलं. न्याहारी झाली की पाणी बंद. पाण्याच्या टिपाडाजवळ बाया चिडवायच्या, "सांडणीला नका गं देऊ, तिची पिशवी भरलेली हाय." ती हसायची. अन् मला, काय सांगू, अभिमान वाटायचा.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी तिच्या हातातून हातोडी गळाली. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब न्हाई. माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, काल सकाळी चहासारखे दोन थेंब झाले. मंग न्हाईच."

बैलगाडीत घालून मंठ्याच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावली. मी रडत उंटाचं सगळं सांगितलं, तवा डॉक्टरांनी सलाईनची धार वाढवली. मंग म्हणाले, "अहो, उंटाच्या गुर्द्यातल्या, म्हणजे किडनीतल्या, नळ्या लांब असतात. जाणारं पाणी ओढून परत रक्तात घेतात. आपल्या नळ्यांना तेवढा जोर न्हाई. पाणीच आत गेलं न्हाई, तर घाण कशात घालून बाहेर काढायची?" आता लघवी होते का ते बघायचं, त्याआधी काही सांगता येत न्हाई, असं बोलून ते गेले.

कॉटखाली टमरेल ठेवून मी बसले. वर बाटलीत थेंब पडायचा अन् मी खाली टमरेलाकडं बघायची. कोरडंच. तिच्या आईला काय सांगू? चेष्टेत मारली म्हणू? दुसरी बाटली लागली. तिचे पाय सुजल्यासारखे वाटायला लागले, दाबून बघायचाही धीर होईना.

उजाडताना ती म्हणाली, "बाई, उठवा मला."

वाटीभर झाली. काकवीसारखीच. मी टमरेल तसंच घेऊन डॉक्टरांना दाखवायला पळाले.

पुढं नातवंडांच्या पुस्तकात गुर्द्याचं चित्र पाहिलं, तवा कुठं डॉक्टरांचं बोलणं बराबर समजलं. पण कामावर परत गेल्ते त्याच दिवशी चार काठ्या रोवून बायांच्या आडोशाला जुनं लुगडं बांधलं. मुकादम कुरकुरला. म्हटलं, तुमच्या घरच्या बाईला एक दिवस इथं पाठवा, मंग सोडते. लुगडं ऱ्हायलं.

तुझी अंगकाठी अगदी आजीची. म्हणून जीव थाऱ्यावर न्हाई माझा. त्या दाराचं माप घेऊन जल्दी ये. जाड कापड काढून ठेवलंय, तू बसून पाणी पीत ऱ्हा, मी पडदा शिवून देते. पण ये, सुट्टीची वाट बघू नको.