मोहोराच्या दिवसांत रुसलेला पंप

तासगावच्या स्टँडवर एस.टी.त बसतानाच सुनंदानं माझी पिशवी चाचपली. पान्यांची पिशवी हाताला लागली तसं तिचं तोंड फुगलं.

"देवाला निघालाय का गॅरेजला?"

"वाटेत कुठं गाडीबिडी बंद पडली तर असावेत," मी म्हणालो. एस.टी.नं निघालेल्या माणसानं द्यावं असं हे कारण नव्हतंच. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

द्राक्षबागांच्या फवारणी पंपांची इंजिनं दुरुस्त करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. लग्नानंतर दोघं मिळून कुठं गेलो असू तर ते पाहुण्यांच्या लग्नाला. म्हणून त्या जानेवारीत गणपतीपुळ्याचा बेत ठरला. कोकण रेल्वे सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या भागातल्या माणसाला आंबा घाटाशिवाय वाट नाही. घाट उतरला तशी हवा दमट झाली. साखरप्याला चहा झाला. पुढे दोन्ही बाजूंना कातळ (जांभ्या दगडाचं उघडं माळरान), मध्येच हिरवीगार घळ आणि त्यात चार कौलारू घरं. रत्नागिरीत गाडी बदलली आणि पुळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत उतरलो. तिथले एक बागायतदार, आप्पा, आपल्या घरात उतारू ठेवत. घरात ते आणि काकू दोघंच. दोन्ही मुलगे मुंबईला.

पहिला दिवस झकास गेला. दर्शन झालं, समुद्रात पाय भिजवून झाले. रात्री काकूंनी कुळथाची पिठी, मऊ भात आणि भाजलेला पापड वाढला. आम्ही ज्वारीची माणसं. भातानं पोट भरतं यावर माझा विश्वास नव्हता. तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा तो बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढ्यात घावन (तांदळाचं जाळीदार धिरडं) आणि गूळ-नारळाचा रस आला. पहिला घास घेतोय तोच मागच्या बागेतून इंजिनाचा आवाज आला. सुरू झालं, चांगलं चाललं, मग ठसकलं आणि बंद. थोड्या वेळानं पुन्हा तेच. माझा हात ताटातच राहिला.

"जा," सुनंदा म्हणाली. "नाहीतरी घास उतरायचा नाही तुमच्या घशाखाली."

बागेत गेलो. कलमं मोहोरानं नुसती लगडली होती, पण आभाळात मळभ दाटलेलं. आप्पांनी एक तुरा हलवला तर तुडतुड्यांचा (मोहोराचा रस शोषणारे बारीक किडे) थवाच उडाला.

"बघितलंत? आज-उद्यात औषध पडलं नाही, तर सगळा मोहोर काळा पडून गळायचा हो," ते म्हणाले. "गेल्या साली असाच गेला. पायपंप मारायला डॉक्टरांनी मला बंदी केलीय, म्हणून पावसाळ्यात हे इंजिन घेतलं. तर हे असं! मेस्त्री येऊन प्लग बदलून गेला, तरी येरे माझ्या मागल्या."

"शेजारचा पंप?"

"प्रत्येकाचा पंप प्रत्येकाच्या बागेत. या दिवसांत कोण देतो?"

मी पाने काढले. नवा प्लग, कार्बोरेटर, हवेची जाळी, सगळं साफ केलं. रस्सी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू! आप्पा नळी घेऊन झाडाकडे पळाले आणि पहिलं कलम भिजायच्या आत इंजिन बंद पडलं. त्यांनी नळी खाली टाकली आणि गडग्यावर (दगडांच्या बांधावर) बसले. छातीवर हात ठेवून बसलेल्या त्या माणसासमोर मी पाना हातात घेऊन उभा होतो. तासगावात फुशारकी मारणं वेगळं आणि इथं उभं राहणं वेगळं.

मग पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवून पाहिली. धार आधी जोरात आली, मग बारीक होत थेंबांवर आली. टाकी हलवली की पुन्हा धार. म्हणजे आत काहीतरी तोंडाशी येऊन बसत होतं. टाकी उतरवली आणि पातळ फडक्यातून बादलीत ओतली. फडक्यावर पांढरे, आखडलेले दाणे राहिले. आप्पांनी वाकून बघितलं.

"शितं?" ते म्हणाले. "भाताची शितं? टाकीत?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"मीच घातली," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला. कोयता, कुदळ, सगळ्यांची पूजा केलीत तुम्ही. ह्याला नुसतं हळदकुंकू लावलंत. पोरं मुंबईला, तुमचं हे असं. आता घरात राबणारा हाच ना? राबणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून झाकण काढून चार शितं घातली."

आता आप्पा भडकणार, असं मला वाटलं. त्यांनी फडक्यावरची शितं बोटानं चाळली. मग म्हणाले, "अगो, मला सांगायचंस तरी. थोडा वरणभात कालवून दिला असता." आणि खो खो हसत सुटले. काकू आधी रागावल्या, मग त्याही हसल्या, आणि मला आपलं उगाचच भरून आलं.

टाकी धुऊन बसवली. इंजिन जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. आप्पा शिडीवर चढू पाहत होते, त्यांना आम्ही खाली बसवलं. नळी मी धरली, मागून काकूंनी ओढली, आणि देवाला आलेली सुनंदा पदर खोचून, नाकाला फडकं बांधून बादलीत औषध ढवळत होती. संध्याकाळी अंगाला औषधाचा वास आणि तोंडाला सोलकढी. दुसऱ्या दिवशी उरलेली कलमं झाली. बाकीचा समुद्र आम्ही परतीच्या एस.टी.तून बघितला.

घाट चढताना मनात येत राहिलं की, आमच्याकडे इंजिन बंद पडलं की लोक त्याला लाथ घालतात. मीही घालतो. दिवसभर राबणाऱ्या वस्तूला भूक लागत असेल, असं कुणाच्या डोक्यात येतं?

मे महिन्यात गॅरेजचा फोन वाजला. आप्पा होते. "झाडं वाकलीत हो, मेस्त्री! तिसरी तोड चाललीय," असं ओरडून सांगत होते. मग काकूंनी फोन घेतला. पंप कसा आहे, आंबा कसा आहे, त्यातलं काहीच बोलल्या नाहीत.

"जेवलात का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

ऊन कलायला आलं होतं. डबा खुंटीला तसाच होता, हात ग्रीसनं काळे होते. मी "बसतोच आता" म्हणालो, फोन ठेवला आणि हात धुवायला उठलो.