काकू आणि दर बांधलेलं इन्सुलिन

मंडळी, आज शनिवार पेठेत सायकलचा ब्रेक नीट करायला गेलो होतो. ब्रेक राहिला बाजूला, बोटच कापलं. म्हणून शेजारच्या मेडिकलमध्ये पट्टी घ्यायला शिरलो.

माझ्यापुढे एक काकू होत्या. इन्सुलिनची किंमत ऐकून म्हणाल्या, "अहो, सरकारने दर बांधून दिलेत ना? पेपरात आलं होतं."

"दिलेत की," दुकानदार म्हणाले. "पण तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं इन्सुलिन त्यात बसत नाही."

"मग त्यात बसतं ते द्या."

"काकू, ही काय भाजी आहे? मेथी नाही तर पालक? डॉक्टरांना फोन करा, स्वस्तातलं चालेल का विचारा."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "महाग पडतं असं डॉक्टरांना कसं सांगायचं? बरं नाही दिसत. घरात थोडं उरलंय, कमी कमी घेऊन पुरवीन."

"अहो, असलं काही करू नका!" दुकानदार म्हणेपर्यंत काकू पायरी उतरल्यासुद्धा.

पट्टी लावून निघालो. वाटेत एका मांजरामागे उगाच बोळात वळलो, तर समोर भाजीवाल्याकडे त्याच काकू. कोथिंबिरीच्या जुडीवरून अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी घासाघीस चालली होती. जुडी स्वस्तात मिळवलीच त्यांनी.

तुमच्या घरी कुणी डॉक्टरांना तोंडावर म्हणतं का, "यातलं स्वस्त काही असेल तर लिहा" म्हणून? माझी आई बीपीची गोळी घेते. तिला मी अजून विचारलेलं नाही.