यादीतून काढलेल्या बाई

“बरी हाय म्हणू का खरं सांगू?” फोन उचलला की बाईंचा पहिला प्रश्न हाच. मी जालन्यातल्या एका दवाखान्यात कामाला आहे. आतड्याच्या ऑपरेशननंतर पेशंट कसे आहेत, याची अभ्यासासाठी दर महिन्याला फोनवरून नोंद घेते. बाकीचे ‘ठीक आहे’ म्हणून माझी सुटका करतात. तुम्हीही तेच करत असाल. या बाई मात्र सुटका करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मोठं आतडं व्रणांनी इतकं खराब झालं की काढूनच टाकावं लागलं. पोटावर पिशवी आली. सोबत लिव्हरचं दुखणं होतंच, पित्ताच्या नळ्या आवळत चाललेल्या. पिशवीसाठी त्यांनी परकराला आतून खिसा शिवला आणि वर मलाच ऐकवलं, “तुमच्या डॉक्टरला म्हणावं, टाके माझ्याकडून शिकून जा.”

एकदा मी नेहमीसारखं विचारलं, “ताप? उलटी?”

“न्हाई. पण पिशवीच्या कडंनं रक्त आल्तं. ब्लाउज बेतत होते, साडी भिजली. वाटलं, खेळ खलास. काय करावं कळंना, तशीच बसून राह्यले.”

फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. मी ‘इतर’मध्ये लिहिलं. डॉक्टरांनी लगेच बोलावून इलाज केला. हे लिव्हरमुळे होतं, म्हणाले, आणि अभ्यासाच्या यादीतून त्यांचं नाव काढायला सांगितलं. दोन दुखणी एकत्र असली की निष्कर्षात गोंधळ होतो म्हणे. मी मुकाट्याने काढलं. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्यात माझा फोन गेला नाही, तर बाईच एसटीने आल्या, माझ्याकडून नाव काढल्याचं कारण वदवून घेतलं आणि डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“साहेब, दोन दुखणी असल्याली मी एकलीच हाय का?”

“नाही, आणखी असतात.”

“मंग असं रक्त येतं म्हणून त्यांना आधी कोण सांगणार? माप बसंना म्हणून गिऱ्हाईक हाकलून देतेत का?”

डॉक्टर तापट माणूस. मला वाटलं, आता तडकतात. पण त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला. त्याच आठवड्यात दोन्ही दुखणी असलेल्यांची वेगळी यादी सुरू झाली, फॉर्मात नवा रकाना आला. त्यात पहिली नोंद बाईंची.

पुढे दोन वर्षं त्यांनी उत्तरं दिली. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटायची, तरी “बराबर लिही बाई” म्हणायच्या. मग लिव्हरने दगा दिला. शेवटचा फोन त्यांच्या जावेने उचलला. त्या दिवशी मला दुसरा फोन लावता आला नाही. फार जीव जडला होता माझा त्यांच्यावर.

परवा केदारखेड्याचा एक तरुण आला. त्यालाही तीच दोन दुखणी. ऑपरेशनआधी मी त्याला स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवत सांगितलं, “पिशवीच्या कडेनं रक्त आलं तर बसून राहायचं नाही. घट्ट दाबून धरायचं आणि तसंच तडक इथं यायचं.”

“तुमाला कसं माहीत?”

“एका बाईंमुळे कळलं.”

“आता कशा हायेत त्या?”

खोटं बोलवेना. “गेल्या,” मी म्हणाले.

तो मग शर्ट वर करून म्हणाला, “कुठं दाबायचं, फिरून एकदा दाखवा.”