टोबीचा कान घेऊन गिरगाव ते परळ, हरताळाच्या दिवशी पायी

टोबीला आजच्या आज परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, असं काकांनी कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, तेव्हा सगळी मुंबई बंद होती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. ट्राम नाही, बस नाही, व्हिक्टोरियावाल्यांनी घोडेसुद्धा बाहेर काढले नव्हते.

"तिकडे माणसं मरतायत आणि तुम्ही कुत्र्याचा कान घेऊन कुठे निघालात?" काकू म्हणाली.

"ऑफिस बंद आहे. एरवी मला वेळ कुठला मिळणार?" काका माझ्याकडे बघून म्हणाले.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे गिरगावात राहत होते. चळवळ जवळून बघायला मिळेल म्हणून मी लगेच चपला घातल्या. कारण एवढंच.

कुत्र्याला घेऊन प्रवास कसा करावा, असं या ब्लॉगवर बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हा माझा पहिलावहिला अनुभव लिहिते. खर्चाचं आधीच सांगून टाकते: काही नाही, कारण वाटेत काहीच उघडं नव्हतं.

टोबी स्प्रिंगर स्पॅनियल, तपकिरी-पांढरा, उंचीने गुडघ्याला लागेल एवढा. काकांच्या ऑफिसातला साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा जाताना तो काकांना देऊन गेला. चाळीत त्याचा लगेच 'तोबा' झाला. जात शिकारीची. बंदूक वाजली की जागच्या जागी बसायचं, पक्षी कुठे पडतो ते बघायचं आणि हुकूम मिळाला की अलगद उचलून आणायचा, हे त्याचं शिक्षण. 'बस' म्हणायला साहेबाचा शब्द होता 'हप'. चाळीतली पोरं माकडासारखी 'हुप्प' करत उड्या मारायची, आणि तो बिचारा दर वेळी शहाण्यासारखा खाली बसायचा. गिरगावात बदकं कुठली मिळायला? बोंबील मिळायचे. त्याचे कान इतके लांब की जेवताना ताटलीत लोळायचे, म्हणून काकू जुन्या लुगड्याच्या पट्टीने ते डोक्यावर बांधायची. "दाढ दुखतेय असं वाटतं मेल्याकडे बघून," असं म्हणायची आणि हसायची.

एकदा टोबी मलबार हिलच्या उतारावर गवतात हुंदडून आला आणि त्याने डोकं झटकायला सुरुवात केली. मग कानाला वास येऊ लागला. मग हाक मारली तरी वळेना, पोरांनी हुप्प केलं तरी बसेना. "बहिरा झालाय तो," काकू म्हणाली. "लक्ष नाही त्याचं," काका म्हणाले. त्यावरून काकांनी काकूशी अबोला धरला. काकांना दवाखान्यात जायचं होतं ते कानासाठी खरंच, पण त्याहून जास्त काकूचं म्हणणं खोटं ठरवायला.

रस्ता असा: गिरगावातून ग्रँट रोडवरून लॅमिंग्टन रोडला लागायचं, सात रस्त्याला वळून चिंचपोकळीचा पूल ओलांडला की लालबाग, आणि तिथून सरळ परळ. आजही पायी जाता येईल, पण स्पॅनियलला डांबरावरून नेणार असाल तर उन्हाच्या आधी निघा आणि पंजांत वाढलेले केस कापून घ्या. आम्ही यातलं काही केलं नव्हतं. सात रस्त्याला टोबी लंगडू लागला, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही काकूने दिलेली पोळी-भाजी खाल्ली. काकूने टोबीसाठी वेगळी पुरचुंडी दिली होती.

लालबागला गर्दी होती आणि गर्दीपलीकडे पोलीस. बाजूने निघून जाऊ, असं काका म्हणत होते तोवर गोळीचा आवाज झाला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. टोबी मात्र रस्त्याच्या मधोमध खाली बसला आणि मान वर करून आभाळाकडे बघू लागला.

"सुमे, ऐकलं त्याने!" काका म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "बघ, ऐकलं!"

मी साखळी ओढत होते. टोबी ढिम्म हलेना. चाळीच्या दारातून एक बाई ओरडली, "गोळी सगळ्यांनीच ऐकली, दादानू. आधी आत येवा!"

काकांनी पुढचे पाय धरले, मी मागचे, आणि असं त्याचं गाठोडं करून आम्ही तिच्या खोलीत शिरलो. तिने आम्हाला पाणी दिलं, टोबीलाही दिलं. तिचा नवरा सकाळपासून बाहेर होता. ती दाराच्या फटीतून रस्त्याकडे बघत राहिली. टोबीही तिच्या शेजारी बसून बाहेर बघत राहिला.

बाहेर शांत झाल्यावर तिने दार उघडलं. काकांनी, सवयीने असेल किंवा आनंदात असेल, टोबीला आणायचा हुकूम दिला. तो धावत गेला आणि रस्त्यावर पडलेली एक चप्पल घेऊन आला. चपलेवर दाताची खूणसुद्धा नव्हती. काकांना सोडून त्याने ती बाईपुढे नेली. तिने ती घेतली, उलटी करून बघितली.

"आमच्या ह्यांची न्हय," ती म्हणाली. काकांचं हसू तिथेच संपलं. तिचा नवरा घरी परतला का, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

परळच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून गवताचं एक लांब कुसळ काढलं. म्हणाले, "हा कान गेला. उजव्यात जुना आजार आहे. टिकेल तितका टिकेल." स्पॅनियल पाळत असाल तर गवतातून आणल्यावर कान उलटे करून बघत जा, कोरडे ठेवा. येताना आम्ही लालबागचा रस्ता टाळून आलो. काका घरी आले आणि काकूशी बोलले. "ऐकतो तो. थोडं का होईना, ऐकतो."

या प्रवासातलं माझ्याकडे काय उरलं, असं कुणी विचारलं तर त्या खोलीतल्या पाण्याची चव सांगेन. आणि महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळचे काका सांगेन.

गिरगावात त्या दिवशी फटाक्यांनी कान किटले होते. मला खाली नाचायला जायचं होतं. आनंद मलाही झाला होता. म्हातारा टोबी गॅलरीत काकांच्या पायाशी झोपला होता. खाली एक मोठा बार उडाला, कठडा हादरला. टोबीने फक्त कूस बदलली. काका त्याच्याकडे बघत पुढच्या बाराची वाट पाहू लागले. तोही झाला. मग ते रडायला लागले.

शेजारचे मास्तर पेढे घेऊन आले आणि त्यांनी काकांना मिठीच मारली. "रडा, भाऊसाहेब, खुशाल रडा. आजचा दिवसच तसा आहे."

काकांनी पेढा घेतला. "हो," ते म्हणाले, "तसाच आहे."