बोडीवरचा भाग

सिहोऱ्याची प्रतिक्षा झेरॉक्सच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर कथा लिहायची. कथा तिची, माणसं उसनी. टीव्हीवरच्या एका मालिकेनं इन्स्पेक्टर शार्दूल आणि डॉक्टर ईश्वरीचं भांडण लावून दिलं आणि मालिकाच गुंडाळली. प्रतिक्षाला ते काही पचलं नाही. तिनं दोघांना उचलून सिहोऱ्यात आणलं आणि पुढची गोष्ट एका ॲपवर स्वतःच लिहायला घेतली.

वाचक होते. पण कसे? 'नाइस.' 'मस्तच.' 'नेक्स्ट पार्ट टाका ना ताईईई.' अंगठा, अंगठा, गुलाब. आपण जीव ओतून रांधावं आणि पाहुण्यानं नुसता ढेकर देऊन उठावं, तसं.

"एकानं तरी सांगावं ना, काय जमलं, काय फसलं!" ती धाकट्या बहिणीपाशी, भावनापाशी कुरकुरायची.

"दीदी, तू कथा लिहून राहिली का पेपर? मार्क कायले पायजे तुले?"

शेवटी ज्याच्यासाठी एवढा खटाटोप होता तो भाग आला. ईश्वरी शार्दूलला माफ करते, तो. प्रतिक्षानं खोडून खोडून लिहिला आणि ठरवलं, यावरही कोणी धड बोललं नाही तर लिहिणं बंद. सुरुवात होती, 'शार्दूल बोडीपाशी एकटाच बसला होता.'

दुपारी मोबाईल टणाटणा वाजायला लागला. प्रतिक्षानं हरखून उघडला.

'बापरे! कोणाची बॉडी??'

'मर्डर मिस्ट्री! काटा आला अंगावर!'

'ईश्वरी म्हणते, लहानपणी मी या बोडीत पोहायचे. बॉडीत?? सायको आहे का ही?'

'बोडीत कमळं फुलली... काय प्रतीक आहे! सलाम!'

'खुनी ईश्वरीचा कंपाउंडरच. लिहून घ्या.'

"अरे बावा, बोडी म्हंजे तलाव!" प्रतिक्षा दुकानातच ओरडली. "धानाले पाणी देतेत तो लहान तलाव! मुडदा नाही!"

झेरॉक्सला आलेले सुखराम काका आधार कार्ड छातीशी धरून दोन पावलं मागं सरले.

भावना पोट धरून हसत होती. "पाडूनच टाक ना एखादा मुडदा. पब्लिक खुश!"

प्रतिक्षानं दात-ओठ खात खाली लिहिलं, 'बोडी म्हणजे छोटा तलाव.' कमेंटा आटल्या. शेवटची आली, 'हट्, मजाच गेली.'

संपलं. अख्खी कथा उडवायला तिनं अंगठा उचलला, तेवढ्यात लाखांदूरच्या कोणा करुणाचं आलं : 'बोडी आमच्याही घरामागं हाय. बरोबर लिहिली. पण ईश्वरी एका कमळावर माफ करते? मले नाही पटलं.'

प्रतिक्षाचं डोकं सणकलं. 'काहून नाही पटलं?' तिनं खटाखटा पाठवलं. उत्तर येईना. मग भाग उघडून तिनं स्वतःच वाचला. शार्दूल कमळ पुढं करतो, बाई लगेच विरघळते.

"श्या!" ती म्हणाली आणि शार्दूलच्या हातातलं कमळ खोडलं. मग ईश्वरीचं हसू खोडलं.

"बाई, माही झेरॉक्स?" काकांनी लांबूनच विचारलं.

"थांबा ना काका," प्रतिक्षा मान वर न करता खेकसली, "आता कुठं हे दोघं भांडून राहिले!"