उभ्या काकूंचा वडापाव

परबकाकूंना आमच्या चाळीत कोणी परबकाकू म्हणत नसे. त्या उभ्या काकू. खरं तर दिवसभर त्या दारात बसून लोकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करत असायच्या. पण वडापाव खायचा तो गाडीवर, कढईसमोर, उभ्याने, हा त्यांचा नेम होता. ऐंशीच्या दशकातलं आमचं घाटकोपर. नाक्यावर बायका यायच्या, वडे बांधून घ्यायच्या आणि पदराआड धरून घरी न्यायच्या. चार पुरुषांत उभं राहून तोंड चालवणं म्हणजे काहीतरीच! काकू मात्र खुशाल उभ्या राहत आणि वर सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडत, "दत्तू, मिरची दे रे अजून एक!"

पार्सल या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. "बांधून नेला की वड्याला घाम सुटतो," त्या म्हणायच्या. "मग घरी जाऊन खायचं काय, घाम?" गाडीवर कुणी वडापाव हातात धरून गप्पा मारत बसला, तर ओळखपाळख नसताना त्याला दम भरत, "थंड होतोय, खा आधी! गप्पा कुठे पळून जातायत?" आता काकू नाहीत. मी लग्न होऊन बोरिवलीला आले त्यालाही जमाना झाला. तरी गाडीवाल्याने "पार्सल?" विचारलं की मी अजून तिथेच उभी राहते. माझे यजमान लांब स्कूटरजवळ उभे राहून मला ओळखत नसल्यासारखं करतात.

मी कॉलेजात असताना काकू मला सोबत न्यायच्या. उपनगरातली एकही गाडी त्यांच्या तावडीतून सुटलेली नव्हती. बहिणीकडे मुलुंडला गेल्या की तिच्या घरी जाण्याआधी नाक्यावर थांबत. अंधेरीला बारशाला गेल्या तर पेढ्याच्या आधी वडा. मुलुंडच्या वड्याबद्दल त्यांचं मत होतं, "दिसायला दांडगा, पण आत बटाटा मुका." सांताक्रूझला एकाने वड्यात साखर घातली होती, त्याला त्या शेवटपर्यंत माफ करू शकल्या नाहीत. सगळीकडे फिरून त्या आमच्या दत्तूकडेच परत येत. दत्तूची लसणाची चटणी त्यांच्या मते थेट गावच्या चवीची होती.

या सगळ्यात काका कुठे, असं वाटेल. काका त्यांच्या शेजारी. विक्रोळीच्या कारखान्यात होते, पहिली पाळी संपवून आले की पिशवी घरात टाकून दोघं खाली उतरत. एका खोलीत सासू, दीर, मुलं आणि शिलाईचं मशीन. नवराबायकोला बोलायला तेवढीच जागा होती, ती गाडीसमोरची. काका बोलायचे तसे कमीच. आपल्या कागदातली तळलेली मिरची उचलून काकूंच्या कागदात ठेवायचे, एवढंच. तिखट त्यांना मुळीच सोसायचं नाही, पण काकूंना मिरची आवडते म्हणून ते कधी "मला नको" असं दत्तूला सांगत नसत. घ्यायचे आणि इकडे सरकवायचे. आम्ही पोरी गॅलरीतून बघून हसत असू.

मग एका सकाळी काकांचं उजवं अंग गेलं. पन्नाशीही उलटली नव्हती. हॉस्पिटलातून घरी आले ते खाटेला चिकटले. जीभ जड, उजवा हात मांडीवर ठेवलेला, नजर छताला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, रोज उठवा, चालवा. आत्ता चालले नाहीत तर मग कधीच चालणार नाहीत. पण काकांनी मनातून हाय खाल्ली होती. मुलांनी धरून उभं केलं की डोळ्यांत पाणी आणून परत बसायचे.

विक्रोळीहून काकूंची जाऊ आली. तिने रीतीप्रमाणे सुचवलं की गावच्या देवीला नवस बोल, तुझी आवडती वस्तू सोड, भाऊजी चालायला लागेपर्यंत वड्याला शिवू नकोस. आमच्याकडे असं सोडतातच. माझ्या आजीने कुणासाठी तरी आंबा सोडला होता. पण काकू भडकल्या, आणि भडकल्या की त्या मालवणीत जात. "देवीक माझो वडो कित्याक व्हयो? तिका खावचो असात तर तिना गाडीर येवचा!" जावेने कानांवर हात ठेवले. संध्याकाळपर्यंत ही वार्ता तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली.

त्याच आठवड्यात काकांना वड्याची इच्छा झाली. आजारानंतर त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बोबडं "वडा" ऐकून काकूंचा मुलगा चपला घालून धावला, तर काकूंनी त्याला दारातच अडवलं. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "खावचो आसा? मगे खाली येवा. वडो काय जिनो चढून वर येवचो नाय." आणि स्वतः पदर खोचून खाली गेल्या.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मुलांनी काकांना खुर्चीत घालून गॅलरीत बसवायचं आणि काकूंनी समोर गाडीवर उभं राहून, आमच्या गॅलरीकडे तोंड करून, कागदातला घास सावकाश चावून खायचा, असं सुरू झालं. चाळ पेटली. बायका नळावर त्यांच्याशी बोलेनात. माझी आई भांडायलाच गेली. "अहो, आजारी माणूस आहे. एक वडा आणून दिलात तर काय बिघडेल?"

"आज एक आणला तर उद्या दुसरा आणावा लागेल," काकू फॉल लावता लावता म्हणाल्या. "मग ह्यांनी उठायचं कशाला?"

मला त्यांनी सोबत न्यायचं बंद केलं. मी मागे लागले की म्हणत, "तू अभ्यास कर गं." मला वाटलं, चाळीला घाबरून मला लांब ठेवतात. काकू आणि घाबरणार! पण तेव्हा तेच डोक्यात आलं.

काका चिडले, आणि चिडीतच उठले. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग गॅलरीच्या कठड्याला धरून जिन्यापर्यंत. पडले, शिव्या दिल्या, पुन्हा उठले. गणपती आले नि गेले, दिवाळीचे कंदील उतरले. काका जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचले होते. घरात काकू त्यांचे पाय तेल लावून चोळत, पण वड्याचं नाव काढलं की बोटाने खाली नाका दाखवत.

थंडीतल्या एका संध्याकाळी काका काठी घेऊन निघाले ते थांबलेच नाहीत. जिना ते जवळजवळ बसत बसत उतरले. काकू आधीच गाडीवर होत्या. "कोणी हात लावायचा नाही," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं, म्हणून मी नुसती मागून चालत होते, हात पुढे धरून. गॅलरीत सगळी चाळ उभी. पिठाच्या गिरणीवाल्याने पट्टा बंद केला. काका उजवा पाय ओढत रस्ता ओलांडून आले आणि गाडीच्या फळीला डावा हात टेकून धापा टाकत उभे राहिले. काकू एक पाऊलही पुढे गेल्या नव्हत्या. आवाज मात्र नेहमीचा राहिला नव्हता.

"दत्तू, दोन दे."

दत्तूने पाव कापला आणि थांबला. "काकू, तुमच्यातपण वडा घालू?"

काकूंनी डोळे वटारले. पण दत्तू सरळ माणूस, त्याला इशारे कुठले कळायला! "तसं नाय, इतके महिने तुम्ही नुसता चटणीपाव खाताय ना, म्हणून विचारलं. नवस फिटला का?"

वर्तमानपत्राच्या कागदात वडा आहे की नाही, हे आमच्या गॅलरीतून दिसायचं कारणच नव्हतं. अख्ख्या चाळीची बोलणी खात ही बाई रोज इथे उभी राहून कोरडा पाव चावत होती, आणि नवऱ्याला हेवा वाटावा म्हणून वर चेहरा करून मिटक्या मारत होती. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दत्तूने दोन कागद फळीवर ठेवले. काका काकूंकडे बघतच राहिले.

"बघतास काय?" काकू खेकसल्या. "थंड होता, खावा आधी!"

काकांनी काठी फळीला टेकवली. डाव्या हाताने आपल्या कागदातली मिरची चाचपडत उचलली. ती एकदा निसटली, पुन्हा उचलली, आणि त्यांनी ती काकूंच्या कागदात ठेवली.

"आधी... तू," ते म्हणाले.

आणि काकूंनी खाल्ला. पदराने डोळे पुसत, गरम गरम, उभ्याने.