कन्हानेतला डोंगा

पांढुर्ण्यात आमच्या घरासमोर रस्त्यासाठी डांबर उकळून राहिले आहेत. त्या वासानं सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. रामाकोन्याला असताना आमच्या डोंग्याला असंच डांबर लावायचो. कन्हान नदी ओलांडताना आमचे हे आणि दीर वल्ही मारायचे, मी तळाचं पाणी उपसायची.

त्या दिवशी दीर सकाळी ह्यांना पलीकडं सोडून, डोंगा परत आणून बाहेरगावी गेले होते. दुपारी पलीकडच्या काठावरून हे ओरडले, "साप चावला व मले!"

मी एकटीनं डोंगा लोटला. धारेत तो गरगर फिरला. पायाशी पाणी चढत होतं, पण उपसायला हात मोकळा नव्हता. कशीबशी पोचले.

परत येताना हे डोंग्यात आडवे पडून सांगत होते, "डाव्या अंगानं दाब... आता सोड." डोंगा सरळ काठाला लागला. सौसरच्या दवाखान्यात हे वाचले.

आज मी म्हटलं, "तुमी सांगत होते म्हणून आलो आपण."

"मले कुठं दिसत होतं? पापण्याच उघडत नव्हत्या. तू भिऊ नये म्हणून बोलून राहिलो होतो."

म्हणजे जातानाही आणि येतानाही वल्हं माझ्या एकटीच्याच हातात होतं. येताना मात्र मला एकटं वाटलं नव्हतं.